पोटातली डबी

वर्षभर माझ्या पोटात अन्न ठरत नव्हतं. एकाहत्तर साल असावं. नगर जिल्ह्यातल्या, अकोले तालुक्यातल्या आमच्या खेड्यात मी प्राथमिक शाळेत शिकवायचे, आणि फळ्यावर लिहितालिहिता हात खाली यायचा, इतकी रोडावले होते. नगरच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, आतड्याचा कण काढून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं असेल, नाहीतर दुसरं काही. त्या ‘दुसरं काही’नं माझी झोप उडाली.

कण काढायची रीत ऐकून तर मी आणखीच घाबरले. चिंचोक्याएवढी धातूची डबी, तिला लांब बारीक नळी, आणि डबीच्या आत पातं. डबी गिळायची. ती आतड्यात पोचली की बाहेरून नळीतली हवा ओढायची, मग पातं फिरतं आणि कापलेला कण डबीत राहतो. ते नको तिथं फिरलं तर? विचारायचा धीर झाला नाही.

सकाळी नर्सबाई म्हणाल्या, “एक्स-रेखाली बघायचंय. अंगावर धातू नको. मंगळसूत्र मिस्टरांकडे देऊन या.”

मी मान हलवली, पण मन धजेना. ग्रहणाला घाबरू नका म्हणून मुलांना शिकवणारी बाई मी, आणि मंगळसूत्र उतरवलं तर नवऱ्याच्या जिवाला काही होईल, एवढंच डोक्यात. पदराआड ते गळ्यातून काढलं आणि कमरेला निऱ्यांत खोचलं. अंगावरून तर उतरलं नाही, अशी स्वतःची समजूत घातली.

दोनदा ओकून पडलेली डबी तिसऱ्या खेपेला घशाखाली गेली. नळी गालाला चिकटवून मला दोन तास उजव्या कुशीवर निजवलं. मग अंधाऱ्या खोलीत नेलं. डॉक्टर पडद्याजवळ वाकून ठिपके मोजू लागले.

“तीन दिसतायत,” ते नर्सबाईंना हळूच म्हणाले. “डबी फुटली की काय? पोट उघडावं लागेल.”

पातं सुटलं, आपण इथंच संपलो, असं वाटून मला दरदरून घाम फुटला. नळीमुळे धड बोलता येईना. कमरेला काय खोचलंय ते भीतीनं साफ विसरले होते. मला वळवताना नर्सबाईंच्या हाताला काही टोचलं, आणि त्यांनी मंगळसूत्र बाहेर ओढलं. पडद्यावरचे दोन ठिपके म्हणजे त्याच्या वाट्या. डॉक्टर रागावले नाहीत. खुर्चीत बसून त्यांनी कपाळ पुसलं. नर्सबाई मंगळसूत्र ह्यांच्याकडे देऊन आल्या. पातं फिरलं तेव्हा मला कळलंही नाही.

बाहेर आले तर हे व्हरांड्यात बसलेले. चारचौघांत माझ्या शेजारून कधी न चालणारा माणूस, आणि सदऱ्याच्या गळ्यातून काळे मणी दिसत होते. मंगळसूत्र त्यांनी स्वतःच घातलं होतं. मी हात पुढे केला.

“निकाल येईस्तवर ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तुझ्या गळ्यात असलं की माझा जीव ऱ्हातो म्हंतीस ना? मंग आता माझ्या गळ्यात असू दे.”

मला तिथंच रडू फुटलं. घरी जाऊन मी दोऱ्यात हळकुंड बांधून गळ्यात घातलं.

आठ दिवसांनी निकाल आला. गोळ्यांनी बरं होणारं दुखणं निघालं. डॉक्टर गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होते, तेवढ्यात हे सदऱ्याचं वरचं बटण काढायला लागले. बटण दोनदा त्यांच्या बोटांतून निसटलं, शेवटी ते मीच काढलं.