मिस्त्रींचं नावडतं शहर

मिस्त्री शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. पेचकसांची पिशवी खांद्याला लावून त्यांनी पुष्कळ गावं पालथी घातली होती. पण एका शहराचा विषय निघाला की कपाळावर आठ्या चढायच्या. अकरा वर्षांपूर्वी तिथल्या एका कारखान्यात जाताना त्यांनी रस्त्यात एका म्हाताऱ्याला पत्ता विचारला. म्हाताऱ्याने चिठ्ठी वाचली, परत दिली आणि तोंडातून ब्र न काढता पाठ फिरवून चालू लागला. कोपऱ्यावर त्याने वळून पाहिलं, तेव्हा मिस्त्रींनी भर रस्त्यात त्याचा उद्धार केला. "तोंडात काय गुळणी धरलीय?" हा किस्सा ते अजून रंगवून सांगत आणि दर वेळी म्हाताऱ्याचा माज चार बोटं वाढे.

नेमकी त्याच शहरात लेकीला नोकरी लागली. चष्म्याच्या काचा घासायचं काम, दोन वर्षं शिकून मिळवलेलं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. "बाबा नको म्हणाले तर नाही जाणार," असं ती आईला म्हणाली होती आणि आईने ते मुद्दाम नवऱ्याच्या कानावर घातलं होतं.

"अहो, निदान तिच्यासाठी ठरवलेली खोली तरी बघून या. घरात बसून शहराला शिव्या द्यायला काय जातंय?"

मिस्त्री गेले, पण नकार मनात आधीच पक्का करून.

खोली एका लॉन्ड्रीच्या मागे होती. गल्ल्यांना आकडे होते, पण सातनंतर बारा यायची आणि बारानंतर नऊ. दोन चकरा फुकट गेल्यावर त्यांनी नाइलाजाने भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या एका बाईंना चिठ्ठी दाखवली. बाईंनी वाचली, परत दिली आणि पाठ फिरवून चालू लागल्या.

"घ्या. जित्याची खोड," मिस्त्री पुटपुटले. पण तेवढाच एक रस्ता बघायचा राहिला होता, म्हणून तेही त्याच बाजूला निघाले. कोपऱ्यावर बाई थांबल्या, मागे पाहिलं, ते येताहेत असं दिसल्यावर वळल्या. पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. एका जिन्याशी पोचल्यावर त्यांनी वर तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं.

"इथलं सांगून कळत नाही कुणाला," त्या म्हणाल्या. "आम्ही पोचवूनच येतो."

आणि त्या आल्या वाटेने परत गेल्या. त्यांना जायचं होतं भलतीकडेच.

मिस्त्री पहिल्याच पायरीवर मटकन बसले. तो म्हातारा कोपऱ्यावर आपल्यासाठी थांबला होता. तो लंगडत होता, हेही त्यांना आठवलं. किस्सा सांगताना एवढी गोष्ट ते कायम गाळत आले होते. शरमेने त्यांचे कान तापले.

मग घरमालकिणीने खोली उघडून दाखवली. खिडकीची कडी ढिली होती, ती त्यांनी पिशवीतल्या पेचकसाने आवळली आणि लेकीला फोन लावला.

"कसं वाटलं, बाबा?" तिने भीतभीतच विचारलं.

"कडी ढिली होती. घट्ट केलीय."

"म्हणजे?"

"म्हणजे होकार कळव. आणि हे बघ, इथं पत्ता विचारल्यावर माणूस न बोलता चालायला लागला तर चिडू नकोस. मुकाट्याने मागे जा. तो कोपऱ्यावर थांबतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

मिस्त्रींनी पेचकस पिशवीत टाकला.

"अकरा वर्षांपूर्वी एक जण थांबला होता," ते म्हणाले. "मी गेलो नाही."