भोंग्यातला दादा

समुद्रावर गेल्यावर तुम्ही कुणाचं ऐकता? खरं सांगा. खांबावरचा भोंगा म्हणतो ‘इथे पोहा’, की निघाले तुम्ही पोरंबाळं घेऊन. त्या भोंग्यामागे माणूस आहे का, असला तर तो शेवटचा पाण्यात कधी उतरला होता, हे विचारायचं कधी सुचलंय? नसेलच सुचलं. मग नळवालीची गोष्ट ऐका.

नळवाली म्हणजे किनाऱ्याच्या तोंडाशी गोड्या पाण्याची न्हाणीघरं सांभाळणारी बाई. खाऱ्या अंगाने आलेल्या पाहुण्यांना ती नळ सोडून देई, कपडे ठेवायला कप्पा देई, त्याची किल्ली मनगटाला बांधून देई आणि वर चार शब्द फुकट सुनावी. दुपारची वाळू पाय भाजते, चपला पाण्याच्या कडेपर्यंत न्या. अंगाला तेल चोपडून नळाखाली येऊ नका, लादी निसरडी होते. तुम्ही पडणार आणि बोल मला लागणार. जीभ तिखट, पण तिच्या खोल्यांना कधी कुबट वास आला नाही, म्हणून माणसं फिरून तिच्याकडेच येत.

आणि ती हे सगळं करत असताना तिच्या डोक्यावर, भोंग्यातून, तिचा दादा बोलत असे.

दादा लाईफगार्ड होता. गळ्यातल्या शिट्टीमुळे सगळा किनारा त्याला ‘शिट्टी’च म्हणायचा. मोसम सुरू व्हायच्या आधी, ओहोटीला, तो कमरेएवढ्या पाण्यात उतरून काठाच्या कडेकडेने चालत जाई आणि पायांनी तळ चाचपी. खाली वाळूत चर पडलेले असतात. काठावर आलेलं पाणी त्या चरातून मागे पळतं आणि जाताना माणूस सोबत नेतं. चरावर लाट फुटत नाही, म्हणून वरून बघणाऱ्याला तेच पाणी सगळ्यांत शांत दिसतं. आणि चर एका जागी राहत नाही. दादा दर मोसमाला तो नव्याने शोधी, तो टाळून पोहायच्या जागेला दोन्हीकडे झेंडे रोवी, आणि मगच मॅनेजरच्या खोलीत जाऊन भोंग्यासाठी नवी सूचना बोलून येई. बहीण लहान असताना तिच्या खांद्याला धरून त्याने हे तिलाही शिकवलं होतं. म्हणायचा, पायावर भरवसा ठेव, डोळे काय, पाहुण्यांनाही असतात.

एका दुपारी बुडणाऱ्या एका पाहुण्याला त्याने काठाकडे ढकललं, आणि स्वतः आला नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. पाहुणा सामान बांधून आपल्या गावी गेला. समुद्राने शिट्टीसुद्धा परत दिली नाही.

मागे राहिला तो आवाज. मॅनेजर नवीन रेकॉर्डिंग करून घेणार होता. नळवालीच त्याच्याकडे गेली आणि हाच राहू द्या म्हणाली. कारण घरी आई होती. किनाऱ्यामागच्या गल्लीत दोन खोल्या, खिडकी समुद्राकडे. उन्हं कलली की भोंगा म्हणायचा, “पाहुण्यांनो, आता पाण्याबाहेर या. घरी कुणीतरी वाट बघतंय.” हे शेवटचं वाक्य मॅनेजरने सांगितलेलं नव्हतं, दादाने आपल्या मनाने घातलं होतं. ते ऐकलं की आई चहाचं आधण ठेवायची आणि तीन कप मांडायची. तिसरा कप निवून त्यावर साय धरायची, मग नळवाली तो मोरीत ओतायची. “आज घसा बसलाय त्याचा,” आई कधी कधी म्हणायची. वारा असेल, एवढंच नळवाली सांगायची.

मॅनेजरला काय, आयतं मिळालं. पण त्यानंतर तळ चाचपायला कुणी उतरलंच नाही. नवे लाईफगार्ड आले, पोहण्यात एक से एक, आणि झेंडे हातात घेऊन विचारू लागले की रोवायचे कुठे. जुनी माणसं खांबाकडे बोट दाखवायची. शिट्टी सांगतोय ना, काळ्या खडकाच्या डाव्या हाताला. समुद्राने ज्याला नेलं त्याचा शब्द मोडायची छाती कुणाची? जिवंतपणी जो आपलाच शब्द दर मोसमाला बदलायचा, मेल्यावर त्याचं सगळ्यांनी ब्रह्मवाक्य करून टाकलं. मधल्या काळात खडकाच्या पलीकडे बोटींसाठी नवा धक्का बांधला गेला. पाण्याने आपली वाट बदलली. भोंग्याने नाही.

मग भर दुपारी एक पाहुणी नळवालीच्या दारात आली. काखेत टॉवेलात गुंडाळलेली मुलगी, ओठ निळे पडलेले, खारं पाणी ओकत होती. नळवालीने मुलीला बाकावर निजवलं, पाठ चोळली, कोरडे कपडे घातले. मुलीच्या अंगात ऊब आली तशी त्या बाईला राग आला. त्या माणसाला भेटायचंय म्हणाली. कुठल्या माणसाला, असं विचारल्यावर तिने वर बोट केलं.

“तो म्हणाला डावीकडे पोहा. आम्ही डावीकडेच होतो, झेंड्यांच्या मधे. बोलवा त्याला खाली.”

नेमका तेव्हाच दादा बोलू लागला. पाहुण्यांनो, काळ्या खडकाच्या डाव्या हाताला पाणी शांत आहे. मुलीने तो आवाज ऐकला आणि आईच्या कुशीत तोंड खुपसलं.

“तो कुणाला भेटत नाही,” नळवाली म्हणाली.

“का? लाटसाहेब लागून गेलाय?”

“माझा भाऊ आहे.” ‘होता’ म्हणायला तिची जीभ वळलीच नाही.

पुढच्या ओहोटीला ती कपडे खोचून स्वतः उतरली. खडकाच्या डावीकडे गेली आणि पायाखालची वाळू सरली. पाणी एकदम छातीला लागलं. त्या पाण्याने तिचे पाय धरले, ओळखीच्या माणसाने मनगट धरावं तसे, घट्ट, न दुखवता. वर खांबावरून दादा सांगत होता की पाणी शांत आहे. क्षणभर तिला वाटलं, तो आपल्याला बोलावतोय. मग त्यानेच शिकवलेलं आठवलं. ओढीशी झोंबायचं नाही, आडवं पोहायचं. ती आडवी पोहली आणि लांब कुठेतरी काठाला लागली. तशीच ओल्या कपड्यांनी मॅनेजरच्या खोलीत गेली.

मॅनेजरने सगळं ऐकून घेतलं. मोसम ऐन भरात आहे, वरून हुकूम आल्याशिवाय झेंडे हलत नाहीत, आणि मेलं तर कुणी नाही ना, असं त्याचं म्हणणं. वर म्हणाला, “आणि बाई, तो आवाज तुमच्याच शब्दाखातर ठेवलाय.” ते खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं. साहेब, तुमच्या खुर्चीपर्यंत भरती येत नाही, एवढं त्याच्या तोंडावर बोलून ती निघाली. बघतो म्हणाला. साहेबांचं ते बघणं डोळे मिटून असतं.

भोंग्याच्या वायरचा डबा तिच्याच न्हाणीघराच्या मागे होता. किल्ली तिच्याच जुडग्यात. एक हिसका दिला की काम झालं. पण संध्याकाळी आईने काय ऐकायचं? हात डब्यापर्यंत जायचा आणि माघारी यायचा. तिचा पोरगा एकदा समुद्राने नेला, दुसऱ्यांदा त्याला आपण मारायचा? मग ती किनाऱ्याच्या तोंडाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवू लागली. डावीकडे जाऊ नका. माणसं हसायची. भोंगा सांगतोय ना, तुम्ही आपले नळ बघा.

शेवटी तिने आईला सांगितलं. मुलीचे निळे ओठ, पायाखाली सरलेली वाळू, सगळं. आईने हातातलं काम ठेवलं. म्हणाली, मला घेऊन चल.

पोरगा गेल्यापासून आईने वाळूवर पाय ठेवला नव्हता. दोघी खांबाखालच्या बाकावर बसल्या. घरात लांबून येणारा आवाज इथे केवढा तरी मोठा होता, खरखरीत, डोक्यावर हात ठेवल्यासारखा. आई मान वर करून ऐकत राहिली. पोरगा कामावरून येऊन दिवसभराचं सांगत असावा, तसा चेहरा झाला तिचा.

समोर उथळ पाण्यात एक कुटुंब खेळत होतं. नवरा, बायको, रबरी टायर कमरेला लावलेली पोरं. त्यांनी भोंगा ऐकला. नवऱ्याने हात करून सगळ्यांना गोळा केलं आणि ती माणसं हसत-खिदळत खडकाच्या डावीकडे निघाली.

नळवाली उठून ओरडली. आईही ओरडली. पण डोक्यावर दादा बोलत होता, आणि त्याच्या आवाजाखाली त्याच्या आईचा नि बहिणीचा आवाज दबून गेला. टायरवाली पोरं पाण्यात पुढे पुढे चालली.

तेव्हा आई भोंग्याकडे वळली. चारचौघांत बडबडणाऱ्या पोराला दटावावं तशी, फार मोठ्याने नाही, म्हणाली, “पुरे रे बाळा. गप बस आता.”

नळवाली धावली. डबा उघडला, वायर मुठीत धरली आणि उपटली. ‘पाणी शांत’ एवढं म्हणून आवाज तुटला. किनाऱ्यावर एकाएकी लाटांचा आवाज मोठा झाला. आता तिची हाक पोचली. नवऱ्याने मागे वळून पाहिलं, पोरांना दंडाला धरून बाहेर काढलं, आणि सुटीचा विचका केला म्हणून तिलाच चार शब्द सुनावले. तिने ते हसत ऐकून घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं नसेल तिने.

मॅनेजरने तिच्याकडून जुडगा काढून घेतला, काम गेलं. पण वायर पुन्हा जोडायला माणूस आला तेव्हा डब्यापुढे लाईफगार्ड वाट अडवून उभे होते. नळवालीने त्यांना ओहोटीला पाण्यात नेऊन त्यांच्याच पायांना चर दाखवला होता. झेंडे हलले. भोंगा आजतागायत मुका आहे. नळवाली आता वाटेवर स्टूल टाकून बसते आणि विचारेल त्याला सांगते, आज कुठे उतरायचं.

आई अजून उन्हं कलली की चहा टाकते. दोन कप मांडते. एखाद्या दिवशी कान खिडकीकडे जातो, आणि तिसरा कप खाली येतो. “आज उशीर झाला वाटतं त्याला.” जुनी माणसं तर शपथेवर सांगतात की त्या वेळेला खडकाकडून आवाज येतो. नळवाली त्यांना उडवून लावते, वारा आहे म्हणते. पण त्या वेळेला ती स्वतः कधी पाण्यात नसते.

तर बाबांनो, अशा किनाऱ्यावर गेलात की चपला पाण्याच्या कडेपर्यंत न्या, किल्ली मनगटाला बांधा, शांत दिसणाऱ्या पाण्याला भुलू नका. वाटेवर स्टुलावर एखादी तिखट जिभेची बाई दिसली तर थांबून तिला विचारा. ती नसेल तर आजच ज्याचे पाय ओले झालेत असा माणूस शोधा. आणि उन्हं कलताना, भोंगा मुका असताना, तुमच्या कानाशी कुणी म्हणालं की घरी कुणीतरी वाट बघतंय, तर कोण बोललं ते बघायला मागे वळू नका. सरळ बाहेर या.