सावरटेकची सिस्टर

गावंडे काका पहिल्यांदा माझ्या मेडिकलमध्ये आले तेव्हा त्यांनी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवली आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, एकशे तीन ताप हाय. पेशंट वयस्कर. सुई द्याव का गोळीनं भागंन?"

"पेशंट कुठं आहे?"

"घरीच हाय, झोपून."

"शुगर आहे का त्यांना?"

काकांनी जरा विचार केला. "थे अजून ठरलं नाई."

दिग्रसच्या बाजारात मी वर्षानुवर्षं औषधं विकते आहे, पण शुगर ठरायची बाकी असलेला पेशंट ऐकला नव्हता. मी म्हटलं, "काका, मागे गिऱ्हाईक उभं आहे. पेशंटला सरकारी दवाखान्यात न्या. तिथे सिस्टर असते, ती बघेल."

"थोच तं वांधा हाय ना," काका म्हणाले. "थे सिस्टर मीच हाय."

साठी ओलांडलेला, झुपकेदार मिशांचा, जिनिंगमध्ये कापूस पारखण्यात उभा जन्म घातलेला हा माणूस मोबाइलवर चोवीस वर्षांची नर्स होता. त्यांच्या ग्रुपचा खेळ असा होता. सावरटेक नावाचं एक तालुक्याचं गाव. ते नकाशात नाही, फक्त ग्रुपवर आहे. प्रत्येकाने त्या गावातला एकच माणूस व्हायचं आणि तो काय करतो, काय बोलतो ते लिहायचं. मग थांबायचं. ज्याला उद्देशून लिहिलं तो आपलं लिहील, त्यानंतर पुन्हा आपण. पांढरकवड्याचा एक ट्रान्सपोर्टवाला तिथे हेडमास्तर होता, आणि ताप त्याला आला होता. नियम म्हणाल तर एकच, तो काकांच्या शब्दांत असा: "आपलं मानूस आपून हालवाव. दुसऱ्याच्या मानसाले हात लावाचा नाई."

नर्सच का झालात, असं मी विचारलं. हे सगळेच विचारत असावेत, कारण उत्तर तयार होतं. "मिशीवाल्याचं आयुष्य जगून झालं, ताई. तेच पुन्हा लिहाले कायले बसू?"

दुपारी माझ्या दुकानात माशी फिरकत नाही आणि मला रिकामं बसता येत नाही. मी म्हटलं, मलाही घ्या. काका लगेच गंभीर झाले. "नमुना द्या लागते."

ग्रुप ज्या मुलाने सुरू केला होता तो नोकरीला लागून गप्प झाला होता. दाराची किल्ली काकांकडे आली होती, आणि काकांनी दाराला कुलूपच मोठं लावलं होतं. आत यायचं तर पानभर काहीतरी लिहून पाठवायचं. ते वाचून काका ठरवणार. वाचायची त्यांची रीत बाजारातली होती. कापसाची गाडी आली की वरवरचा कापूस सगळेच चांगला ठेवतात, ओला आणि कवडीचा, म्हणजे किडका माल खाली दडवतात. म्हणून ग्रेडर हात कोपरापर्यंत आत घालतो, मधली मूठ बाहेर काढतो, दोन चिमटींत धागा ओढून बघतो. काका नमुन्याचं पानही तसंच मधून वाचायचे. सुरुवात वाचायचेच नाहीत. "सुरवात तं कोनीबी चांगली करते. लगन पाह्यलं नाई का तुमी?"

माझा नमुना त्यांनी काउंटरवर उभ्या-उभ्या वाचला आणि फोन परत केला. "कोरडा हाय. पन ओला तं नाई. चालते." मी सावरटेकची नगराध्यक्ष झाले. फार स्वच्छ नगराध्यक्ष नव्हते. गावात राहायचं तर जरा मजा हवी.

त्यानंतर काका रोज दुपारी येऊ लागले. कूलरसमोरचं स्टूल त्यांचं. मी बिलं जुळवायची, ते एका बोटाने टाइप करायचे आणि मधेच विचारायचे, "ताई, पट्टी बांधाच्या पहिले हात धुते का नंतर?" मी सांगायचे, "दोन्ही वेळा." ते लिहायचे, मग पुसायचे, मग पुन्हा लिहायचे. त्यांची सिस्टर तोंडाने फटकळ होती. पेशंटवर ओरडायची आणि मग स्वतःच्या डब्यातली भाकर द्यायची. एकदा मी नगराध्यक्ष म्हणून तिच्या दवाखान्याची जागा हडपायला गेले, तेव्हा तिने माझ्याकडून भिंतीला चुना लावून घेतला. तो कसा लावून घेतला ते मला अजून कळलेलं नाही. लिहिताना आपण कधी वाकलो ते कळायचंच नाही.

नमुन्यावरून आमचं रोज वाजायचं. मी म्हणायचे, काका, परीक्षा घेऊन माणसं खेळायला बोलावतात का? ज्याला यायचं त्याला येऊ द्या, नाही जमलं तर जाईल आपोआप.

"जाते कुठी? बसते. मंग 'हाय', 'हॅलो', 'जेवले का' लिहित बसते, अन् ज्याले लिहाचं थो उठून जाते. मी दोन गावं अशी मेलेली पाह्यली."

"आणि आता तर नमुना मशीन लिहून देतं. तुम्ही ओढून काय बघणार?"

"मशीनचा धागा मले समजते," काका ताठपणे म्हणायचे. मला ते खरं वाटत नव्हतं, पण गिऱ्हाईक आलेलं असायचं.

मग अनिरुद्धचा नमुना आला. कुठल्याशा मोठ्या शहरातून, वय चाळिशीचं, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. काकांनी तो मधून वाचला, मग शेवट वाचला, आणि आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातही वाचली. स्टुलावरून उठून माझ्याजवळ आले. "ताई, पाहा. लंबा धागा. असा माल वर्षात एखांदीच गाडी येते." मीही वाचलं. खरंच सुंदर होतं. मशीनचं नव्हतं, उसनंही नव्हतं, माणूस लिहिणारा होता. तो नमुना खोटा असता तर पुढचं सगळं सोपं झालं असतं.

अनिरुद्ध सावरटेकमध्ये आला तो जंगल खात्याचा साहेब म्हणून. पहिल्या आठवड्यात त्याने पाऊलवाटा लिहिल्या, धावड्याची झाडं लिहिली, सगळे खूश. दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी त्याने एकच लांबलचक मजकूर टाकला. साहेब दवाखान्यात येतो. सिस्टर त्याच्याकडे बघते, रडते, आपलं प्रेम कबूल करते, दवाखान्याला कुलूप घालते आणि त्याच्यासोबत गाव सोडून जाते. भाषा अशी की वाचताना मलाही क्षणभर बरं वाटलं.

काका माझ्यासमोरच वाचत होते. वाचून झालं तरी फोन खाली ठेवला नाही. मग म्हणाले, "माह्या पोरीले त्यानं मले न इचारता पळवलं."

मी म्हटलं, "काका, खेळ आहे. आत्ता पुसायला लावते."

मी लावलंही. अनिरुद्धने फार सभ्यपणे उत्तर दिलं. कथा अडकली होती, कोणीतरी पुढे न्यायला हवी होती, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. मजकूर काढला आणि दोन दिवसांत ग्रुपही सोडला. पण काका म्हणाले, "खोडलं म्हनून झालं नाई थे, असं होते का? साऱ्या गावानं वाचलं." आणि सिस्टर बंद झाली. काका दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, रस्त्याकडे बघायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "रजेवर हाय."

गावाचं मात्र अडलं. कुणाला काही झालं की दवाखान्यात जायचं, तिथून पुढच्या गोष्टी सुटायच्या, असंच सावरटेक चालत आलं होतं. दवाखाना बंद म्हणजे चौक बंद. लिहिणारे एकेक करून कमी झाले. उरलेल्यांत भांडण लागलं. निम्मे म्हणाले नमुना अजून कडक करा, दोन पानं घ्या. निम्मे म्हणाले नमुना बंदच करा. काका दोन्हीकडे नव्हते. एक दिवस जाता जाता एवढंच बोलले, "कापसाले मालूम नसते, का त्याचा नमुना घेऊन राह्यले. मानसाले असते. मानूस नमुन्यापुरता एकटाच लिहिते, ताई. एकट्यानं लिहाले मस्त येते त्याले. दुसऱ्यासाठी जागा सोडते का नाई, थे त्या पानात कुठी दिसंन?"

"मग काय करायचं?"

"कराचं काय? बंद कराचं."

मला बंद करणं जमत नाही. दुकान असो की गाव. मला उमरखेडच्या एका मुलीचा जुना अर्ज आठवला. ज्योती. कापडाच्या दुकानात कामाला. तिचा नमुना दोन ओळींचा होता: "मला नमुना लिहिता येत नाही. समोर कोणी असलं की येतं, रिकाम्या कागदाशी काय बोलू?" काकांनी तो महिन्यापूर्वीच नापास केला होता. सिस्टर रजेवर गेल्यापासून किल्ली माझ्याकडे होती, मी तिला कोणालाही न विचारता आत घेतलं.

काका तावातावाने दुकानात आले. "तुमी नगराध्यक्ष हाय, गावाच्या मालकीन नाई!"

"गाव उरलंय कुठं मालकीण व्हायला?" मी म्हटलं. "बसा. पाणी घ्या."

ज्योती सावरटेकमध्ये आली ती पायात काटा मोडलेली एक बाई म्हणून. तिने लिहिलं: "दवाखाना बंद आहे. मी पायरीवर बसले." बस. दुसऱ्या दिवशी लिहिलं: "अजून बसले आहे. एक कुत्रं आलं होतं, माझा पाय हुंगून गेलं." त्याच्या दुसऱ्या दिवशी: "ऊन पायरीवर आलं म्हणून सरकून बसले."

मी तिला फोन केला. "अगं, पुढे काही लिही की. काटा काढ, घरी जा."

"काकू, काटा सिस्टर काढतील ना," ती म्हणाली. "त्या आल्या की. मला काय घाई आहे?"

मला होती. मी दर दुपारी काकांच्या चेहऱ्याकडे बघायचे. ते वाचायचे आणि फोन पालथा घालायचे. शेवटी एका दुपारी वैतागून म्हणाले, "अवो ताई, हे पोट्टी उठत काहून नाई तिथून?"

"सिस्टर रजेवर आहे म्हणून."

"मंग सोता काढाव ना काटा! नाई तं त्या हेडमास्तरच्या हातानं काढून घ्याव!"

"तिने नाही काढला."

काकांनी पालथा फोन उचलला. मग एका बोटाने टाइप करू लागले. माझा फोन वाजला. सावरटेकमध्ये लिहून आलं होतं: "आतून कडी काढल्याचा आवाज आला. सिस्टर दारात उभी. म्हणाली, काय वो बाई, दार वाजवता येत नाई काय तुले?" आणि तिथे काका थांबले. लगेच ज्योतीचं आलं: "वाजवलं असतं. पण तुम्ही झोपला असाल म्हणून."

"आता हे पोट्टी," काका मला म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

त्यानंतर नमुना गेला. यायचं त्याने यावं, पायरीवर बसावं, कुणीतरी त्याच्याशी बोलेल, चार-आठ दिवसांत दोन्ही बाजूंना कळेल, अशी रीत पडली. हीसुद्धा काही फार चांगली रीत नाही. वेळ खूप जातो, आणि 'जेवले का'वाले खरंच येऊन बसतात. काकांचं तेवढं बरोबर होतं, आणि ते मला महिन्यातून एकदा ऐकवायचे.

पुढच्या उन्हाळ्यात काकांच्या किडन्या बिघडल्या. मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. मी भेटायला गेले तर माझी चौकशी नाही, पेढ्यांची पुडी बाजूला, थेट कामाचं बोलणं. "सिस्टरची बदली करून राह्यलो."

"कशाला? बरे होऊन याल. आणि दवाखाना बंद पडेल."

"दुसरी येईन. ज्योती होईन नाई तं अजून कोनी. पन हे माह्यी हाय. मी गेल्यावर कोनी तरी तिले चांगल्या भाषेत लिहून नेईन कुठीतरी. मारंन, नाई तं लगन लावंन. त्याच्यापेक्षा मीच पाठवतो तिले." मग जरा दम घेऊन म्हणाले, "घाई नाई करत. सगळ्याईले भेटून जाईन."

त्याच संध्याकाळी त्यांनी हॉस्पिटलातून लिहिलं. सिस्टर पिशवी घेऊन सावरटेकच्या स्टँडवर उभी आहे. कोणी पोचवाले येते का, असं इकडंतिकडं पाहून राह्यली. तिथे थांबले.

सगळे आले. महिनोन्‌महिने न लिहिलेलेही आले. हेडमास्तर आला, ज्योतीची बाई अनवाणी आली, मी नगराध्यक्ष म्हणून हार घेऊन गेले आणि तो हार सरकारी खर्चातून आणल्याचंही लिहिलं. काका एकेकाला उत्तर देत होते. उत्तरं दिवसागणिक आखूड होत गेली. शेवटचं हेडमास्तरला होतं: "गोळ्या टायमावर घ्या." मग सिस्टर गप्प झाली. दोन दिवसांनी काकांच्या मुलाचा फोन आला, काका गेले.

ग्रुपवर विचारणा सुरू झाली. तिला गाडीत बसवून मोकळं करू या, कोणीतरी छान लिहा. असं कसं उभं ठेवायचं तिला स्टँडवर? लिहिणारे चांगले होते, मनाने वाईट कुणी नव्हतं. मी कुणाला उत्तर दिलं नाही. एसटी कोणाचं पात्र नाही, ती कोणीही आणू शकतं. म्हणून मी गाडी आणली. फलाटाला लावली, दार उघडलं, कंडक्टरला चहाला पाठवलं. पुढचं वाक्य माझं नव्हतं.

गाडी अजून तिथेच आहे. उभी गाडी मला बघवत नाही. दुपारी दुकान रिकामं झालं की हात शिवशिवतात, एक ओळ लिहिली की सुटली. मी फोन उचलते, सावरटेक उघडते, स्टँडवर कोण कोण आहे ते बघते, आणि दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला लागते.