खांब धरलेला पाहुणा

इराकमधल्या समावा गावातला सब्ती टॅक्सी चालवतो. पूर्वी तो रणगाडा चालवायचा, पण हे विचारल्याशिवाय सांगत नाही. एक्याण्णवच्या फेब्रुवारीत वाळवंटात शेकडो रणगाडे एकमेकांना भिडले, त्या लढाईची आठवण चहाच्या दुकानातसुद्धा कुणी काढत नाही. हरलेल्यांच्या लढाईला कोण विचारतो! सब्तीचा रणगाडा जळाला, बाकीचे तिघे आतच राहिले. तो दोन दिवस वाळू तुडवत गेला आणि समोर दिसलेल्या मेंढपाळांच्या तंबूत शिरून त्यानं मधला खांब घट्ट धरला.

खांब धरला की माणूस त्या तंबूच्या आसऱ्याला आला. तीन दिवस त्याला खायला घालायचं, जपायचं, आणि कोण, कुठला, का आला, हे विचारायचं नाही. तंबू मुझना नावाच्या विधवेचा होता. तिनं सब्तीला उंटिणीचं दूध दिलं, खजूर दिले, आणि त्याला शोधायला आलेल्यांना बाहेरच्या बाहेर वाटेला लावलं.

पुढं तीस वर्षं, भुईतल्या अळंब्या निघायच्या दिवसांत, सब्ती तिला भेटायला जायचा. ती तांदूळ घ्यायची नाही, चहापत्ती घ्यायची नाही. आभाराचा शब्द काढला की उसळायची, “माझा तंबू काय खाणावळ आहे?” मुझनाचं वय झालं तशी सब्तीला धास्ती लागली. म्हातारी जाईल आणि आपलं मनातलं मनातच राहील.

यंदा एका सकाळी तीच दारात. चाचपडत आत आली आणि चौकट धरून उभी राहिली. सब्तीला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं मेंढा कापला, शेजारीपाजारी जेवायला बोलावले. कशासाठी आल्या ते विचारा तरी, म्हणून बायको हसना कानीकपाळी ओरडत होती. पण तीन दिवस तो काही विचारणार नव्हता. मुझनाही पोटभर जेवत होती आणि गप्प होती.

चौथ्या दिवशी त्यानं विचारलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, आणि त्याची तारीख परवाच टळून गेली होती. सब्तीनं कपाळावर हात मारला. दवाखान्यात धावला, तर पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली.

“आई, सांगायचं तरी.”

“तू विचारलंस का? आल्या आल्या पाहुण्यानं आपलं गाऱ्हाणं मांडायचं नसतं. आणि तारखेचं काय एवढं? तू आलास त्याच दिवशी आम्हालाही तळ हलवायचा होता. पेटलेल्या तेलविहिरींच्या काजळीचा पाऊस पडत होता. पण खांब तू धरलेला, तंबू उपटणार कसा?”

“मग?”

“मग काय. चारा नासला, निम्मी मेंढरं गेली.”

तीस वर्षांत तिनं हे तोंडातून काढलं नव्हतं. सब्ती तिच्या पायाशी बसला. “आई, हे घर, ही लेकरं, सगळं तुझ्यामुळं आहे.”

मुझना उसळणार, तोच त्यानं तिचा हात धरला. “इथं पाहुणी तू आहेस. यजमान बोलतो, पाहुणीनं ऐकायचं.”

रीतीपुढं म्हातारीचं काही चालेना. सब्ती दुपारपर्यंत बोलत होता.