मेंढरं: व्यक्ती की देखावा?

मी बारामतीला मास्तर असताना माझ्याकडे एक डबा कॅमेरा होता, आणि त्या कॅमेऱ्याहून महागाचं असं त्याचं सामान होतं.

ही पन्नास सालानंतरची, माझ्या डोक्यावर भरपूर केस असतानाची गोष्ट. कॅमेरा अगदी साधा. खटका दाबायचा, चावी फिरवून फिल्म पुढं सरकवायची, की झालं! शेंबड्या पोरालाही जमावं अशी त्याची रचना होती, आणि नेमकं हेच मला बोचत होतं. (बी.ए. होऊन नुसता खटका दाबायचा?) म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला जाऊन मी सामान घेतलं. तीन पायांची घोडी, कॅमेऱ्याला उन्हाची टोपी, एक पिवळी काच आणि एक जादा भिंग. दुकानदार म्हणाला, "व्यक्ती असेल तर भिंग लावायचं, देखावा असेल तर पिवळी काच." मी जाणकारासारखी मान डोलावली. अशी मान डोलावणारी गिऱ्हाइकं दुकानदारांना फार आवडतात.

निरवांगीचा बिरूमामा म्हणजे माझ्या आईचा थोरला भाऊ. त्याची सगळी हयात मेंढरांमागं गेली होती. आता त्यानं पाटाच्या पाण्याखाली थोडी जमीन धरली होती, सखूमामीचे गुडघे चालायला नको म्हणत होते, आणि कळप विकायचं ठरलं होतं. सोमवारी व्यापारी येणार होता. शनिवारी मामा माझ्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला.

"मास्तर, त्यो फोटूचा डबा हाय न्हवं तुझ्यापाशी? उद्या ये. माझ्या मेंढरांचा यक फोटू पायजे."

"एकच कशाला मामा? एका फिल्मवर आठ निघतात, आठही काढू!"

"यकच पुरं. पर समद्यांची त्वांडं दिसली पायजेत, आन् मी बी त्यात असाया पायजे. सोमवारपास्नं नुसतं भिताडाकडं बघत बसायचं हाय मला."

बोलता बोलता त्यानं मुंडाशाच्या शेवानं डोळे पुसले. मलाही भरून आलं. पण मी असा बहाद्दर, की त्याही क्षणी माझ्या डोक्यात एकच विचार चालू होता: काच लावावी की भिंग?

रविवारी माळावर शंभराच्या वर मेंढरं चरत होती. मी घोडी रोवली, कॅमेरा चढवला, सामान घोंगडीवर मांडलं. मामानं पिवळी काच उचलून डोळ्याला लावली.

"ही कशापायी?"

"हिनं आकाशातले ढग उठून दिसतात."

"ढग तर असंच दिसत्यात की! आन् ढग कशाला पायजेत? ते कुठं इकायचेत?"

मी काच त्याच्या हातातून काढून घेतली. खरा पेच तर पुढंच होता. मेंढरं ही व्यक्ती धरायची की देखावा? मामाला विचारलं. तो चिडला. "मान्सापरीस शानी हायती ती!" म्हणजे व्यक्ती. पण शंभर व्यक्ती माळावर पसरल्या की त्याचा देखावा होतोच! शेवटी मी मधला मार्ग काढला. भिंगही लावलं आणि त्याच्यावर काचही चढवली.

मामा कळपामागं जाऊन उभा राहिला. झालं! सगळी मेंढरं वळली आणि प्रेमानं मामाकडे बघू लागली. माझ्याकडे शंभर शेपट्या! मी खटका दाबला. मामा डावीकडं गेला, शेपट्या उजवीकडं आल्या. पुन्हा दाबला. मामा कॅमेऱ्याशेजारी आला तर सगळी तोंडं कशी समोर, पण मग फोटोत मामा नाही! अशा रीतीनं सात फोटो संपले आणि एक उरला.

"मामा, तुझं मुंडासं आणि घोंगडी मला दे," मी म्हणालो. "मी मामा होतो. हाक मारतो. ती माझ्याकडे बघतील, तू खुशाल मागं उभा राहा."

"हाक कंची मारशील?"

"आहे की! लहानपणी तूच शिकवलेली!"

कल्पना मामाला पटली. बांधावर बसलेली मामी मात्र म्हणाली, "न्हाय बरं दिसत ह्ये लक्षान."

मी मुंडासं बांधलं, घोंगडी पांघरली, काठी उगारली आणि लहानपणी शिकलेली ती एकुलती एक हाक छाती भरून मारली. मामाकडे थांबायची हाक वेगळी होती, वळायची वेगळी होती. मला येत होती ती बाभळीच्या शेंगा खायला बोलवायची!

शंभर मेंढरांनी माना वर केल्या. काय दृश्य होतं ते! मी खटक्याकडं हात नेला, तोवर दृश्य निम्म्या वाटेवर आलं होतं.

"मामीऽऽ! धाव!"

मामी धावली. दुखऱ्या गुडघ्यांनी धावली, आणि घोडीसकट कॅमेरा उचलून बांधावर घेऊन गेली. (भाच्यापेक्षा वस्तू महागाची, हे तिनं बरोबर ओळखलं.) त्या ओढाताणीत काच आणि भिंग निखळून खाली पडली. पाठोपाठ मीही पडलो. मेंढरांनी घोंगडी हुंगली, कान हुंगले, माझ्या खिशात तोंडं घातली. शेंगा नाहीत म्हटल्यावर सगळ्यांनी माना वर करून बांधावरच्या मामीकडं पाहिलं. रोज शेंगा तीच तर देत असे. मागून मामा काठी उगारून, पोट धरून हसत पळत येत होता.

"मी दाबू का रं ह्ये?" मामी ओरडली.

माझ्या तोंडात लोकर होती. मामीनं त्याचा अर्थ होकार असा घेतला.

फोटो धुणाऱ्यानं बारामतीत मला बाजूला घेऊन विचारलं, "मास्तर, निरवांगीला धुकं पडलं होतं का?" भिंग हाताभरावरच्या चेहऱ्यासाठी होतं, हे मला त्या दिवशी कळलं. सातही फोटोंत पिठाच्या लोटासारखं काहीतरी होतं. आठवा फोटो मात्र लख्ख! शंभर तोंडं, एकूण एक समोर, आणि मागं हसणारा मामा. मामानं तो हातात घेतला, एकेका तोंडावर बोट ठेवून प्रत्येकीचं नाव घेतलं, आणि फोटो छातीशी धरला.

तो फोटो त्याच्या भिंतीवर शेवटपर्यंत होता. येणारा पाहुणा हटकून विचारी, "आबा, मदी ह्ये घोंगडं गुंडाळल्यालं काय पडलंय?"

आणि मामा, मी समोर बसलेलो असताना, शांतपणे सांगायचा, "त्ये व्हय? त्ये बी आमच्याच कळपातलं. पर येपाऱ्यानं घेतलंच न्हाय."