जिवतीच्या मांडीवरची मुलं

आमच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या सोफ्याच्या वर, एक चित्र लावलंय. येणारा प्रत्येक जण विचारतो, कुठून घेतलंत? मी सांगते, मीच केलंय. इथवर खरं असतं. त्याच्या पुढचं मात्र आजवर कुणापुढे बोललेले नाही — नवऱ्यापुढेसुद्धा नाही. तुम्हाला सांगते. ऐकून नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा.

मला आर्ट जर्नलचा नाद आहे. म्हणजे जाड कागदाची वही घ्यायची आणि तिच्या पानांवर हाताला लागेल ते चिकटवायचं — चहाच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद, बसची तिकिटं, शिंप्याकडच्या चिंध्या — आणि वरून रंग. आमचं डायनिंग टेबल जेवायला कमी आणि याच कामाला जास्त लागतं. सासूबाई त्याला ‘तुझा पसारा’ म्हणतात. असतोच पसारा. पण दिवसभर हिंजवडीत दुसऱ्यांचं ऐकून घरी आल्यावर माझं म्हणून जे काही उरतं, ते त्या पसाऱ्यात असतं.

आणि मला मूल नको होतं. नकोच होतं! निखिललाही नको होतं, लग्नाआधीच आमचं ठरलं होतं. ‘आईला मी सांगतो,’ म्हणाला होता. अजून सांगतोच आहे. पण मी कबुली देतेय ती याची नाही, हे नीट लक्षात घ्या. हा माझा गुन्हा नाही, आणि कुणाला तसं वाटत असेल तर त्याने आधी स्वतःच्या घरात बघावं.

सासूबाई शनिवार पेठेत राहतात. श्रावण लागला की जिवतीचा छापील कागद आणतात, भिंतीला लावतात आणि दर शुक्रवारी त्याची पूजा करतात — मुलंबाळं सुखात राहू देत म्हणून. त्यावर देवी असते, तिच्या मांडीवर, अंगाखांद्यावर मुलं. आमच्या लग्नाला काही वर्षं झाली, पाळणा काही हलेना, तेव्हा एका श्रावणात त्यांनी माझ्यासाठीही एक कागद आणला. निखिलबरोबर पाठवलेल्या पिशवीत, नारळाच्या वड्यांच्या डब्याखाली, सुरकुती पडू नये म्हणून पुठ्ठ्यात घालून ठेवलेला.

तो पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. कात्री समोर होतीच. आधी जिवती कापून काढली. मग तिच्या मांडीवरची मुलं — एकेक करून, बारीक कात्रीने. रिकाम्या मांडीवर निळं कापड चिकटवलं, हातात ब्रश दिला, मुकुटावर आणि दागिन्यांवर रंग चढवला. इतकं चांगलं पान माझ्या हातून ना आधी झालं, ना नंतर. म्हणून तर वहीतून काढून फ्रेम केलं. देवाचा कागद कापला म्हणून वाईट वाटतं का? छे. आजही कापेन.

मग कबुली कसली? — सांगते, थांबा ना जरा.

पहिल्याच शुक्रवारी सासूबाई आल्या. डब्यात पुरण, पिशवीत आघाड्याची माळ. भिंत मोकळी. ‘कागद कुठे लावलास गं?’ म्हणाल्या. तेव्हा सांगता आलं असतं — आई, आम्हाला मूल नकोय. एका वाक्याचं काम. त्यांनी आदळआपट केली असती, रडल्या असत्या, महिनाभर बोलल्या नसत्या. त्याऐवजी मी म्हटलं, ‘अहो आई, पिशवीत कागद नव्हताच. घालायला विसरलात तुम्ही.’

कुणाच्या बारशाला कुणी काय आहेर केला हे जिला तोंडपाठ, तिला मी विसराळू ठरवलं! ‘घातला होता की मी...’ एवढं म्हणाल्या आणि आघाड्याची माळ परत पिशवीत ठेवली. विश्वास ठेवला त्यांनी. माझ्यावर ठेवला, स्वतःवर नाही.

त्या दिवसापासून त्यांनी पुरण सोडलंय. नातवंडाचं तोंड बघेन तेव्हाच खाईन म्हणतात. पुरणपोळी म्हणजे त्यांचा जीव की प्राण, पण नाही. नणंदेला, शेजारणींना, माझ्या आईलासुद्धा सांगतात — सुनेचा काही दोष नाही हो, त्या वर्षी जिवती माझ्याकडूनच राहिली. माझी बाजू घेतात! आणि मी? मी शेजारी बसून ऐकते. त्यामुळे मला कुणी काही विचारत नाही. सोयीचं पडतं ना. निखिलने बोलायला हवं होतं, खरंय. त्याचं तो बघेल. पण ‘विसरलात तुम्ही’ हे वाक्य त्याच्या तोंडचं नव्हतं, माझ्या तोंडचं होतं.

यंदाही श्रावणात शुक्रवारी आल्या होत्या. सोफ्यावर बसल्या, चष्मा पुसला, चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या. ‘मोठ्या सुखात दिसते गं तुझी ही बाई,’ म्हणाल्या. ओळखलं नव्हतं. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि पुरणाच्या पोळ्या लाटायला घेतल्या. मला तव्यावरची गरम पोळी वाढली, वर तुपाची धार धरली, आणि स्वतःच्या ताटात वरणभात घेतला.

मी पोळी खाल्ली. दुसरीही मागून घेतली.