पुस्तकाची जोडलेली पानं

"भेटत नसन तं करून घ्या, रडता काऊन?"

हे गंगाचं बोलणं. पाटीची लेखणी हरवलेल्या पोरीला ती हेच म्हणायची, वहाणेचा अंगठा तुटलेल्या म्हातारीला हेच म्हणायची. तिची आई तापानं गेली, तेव्हा गंगा नऊ वर्षांची होती. बाप तीन दिवस थंड चुलीपुढे बसून राहिला. चौथ्या दिवशी गंगा त्याच्याही पुढ्यात जाऊन हेच म्हणाली आणि पीठ मळायला बसली, असं जामनझरीत सांगतात.

जामनझरी कारंजा घाडग्यापासून तीन कोसांवर, टेकडीच्या पोटाशी टेकलेलं गाव. गंगाचा बाप जंगलू गोंड जंगलकटाईला जायचा. त्यांच्या घरात गोंडी बोलत. मराठी गंगानं बाजारातून आणि शाळेतून एकेक शब्द करत घरी आणली होती. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठी, सोनबा माळ्याचा मळा होता. वांगी, टमाटर, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं तिथलं कारंज्याच्या बाजारात जायचं. त्या सोनबाची मुलगी भागीरथा. दोघी एका वयाच्या, एका वर्गातल्या.

ही हकीकत गंगाची, पण ती सांगायची तर भागीरथेच्या डोळ्यांनी सांगावी लागते. हेवा करणारं माणूस जितकं बारीक पाहतं, तितकं मायबापही पाहत नाहीत.

भागीरथा वाचनावर जीव टाकणारी मुलगी होती. बाजारातून गूळ ज्या कागदात येई तो कागद ती धुऊन, वाळवून वाचायची. वर्गात पहिला नंबर तिचा, आणि वाचायला उभी राहिली की तिचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा सरळ चालायचा. गंगाचं नेमकं उलटं. वाचायचं नाव काढलं की तिच्या हाताला घाम सुटायचा. बोट अक्षरावर ठेवून ती एक शब्द उचलायची, दुसऱ्यापर्यंत पोचेस्तोवर पहिला हातातून गळून जायचा. पोरी तोंडात पदर कोंबून हसत. भागीरथा हसत नसे. पहिल्या नंबराला हसायची गरज काय?

एकोणीसशे त्रेपन्न साली चौथीच्या वर्गासाठी अवांतर वाचनाचं एक पुस्तक आलं. साऱ्या वर्गात मिळून एकच. निळ्या पुठ्ठ्याचं, नवं कोरं, आत शिक्का. नत्थूजी गुरुजींनी पाळी लावून दिली. एका घरी आठ दिवस पुस्तक राहायचं आणि शनिवारी सकाळी त्या घरच्या मुलीनं शाळेच्या ओसरीवर त्यातली गोष्ट सांगायची. ऐकायला गावातली माणसंही येऊन बसत. जामनझरीत तोवर देवळातल्या पोथीशिवाय दुसरं पुस्तक घरोघरी फिरलं नव्हतं.

त्या पुस्तकात एक अडचण होती. त्याची काही पानं वरच्या आणि बाहेरच्या कडेला एकमेकांना जोडलेली होती, पिशवीसारखी. खालून डोळा लावला तर आत अंधारात अक्षरं दिसत, पण ओळ लागत नसे. गुरुजींनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि वरून जसं आलं तसंच राहू द्यायचं ठरवलं. मागे एकदा शाळेच्या नकाशाची दोरी तुटली, तर त्यांना दोन पानी जबाब लिहावा लागला होता. सरकारी पुस्तकाला विळी लावायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनीच हात लावला नाही म्हटल्यावर गावानंही मानलं, की त्या पानांत लहान मुलांनी वाचू नये असं काही असणार, म्हणून ती शिवून पाठवली.

गोष्ट नावाड्याच्या मुलीची होती. बाप पुरात वाहून गेलेला, त्याला शोधायला ती निघते. एकविसाव्या पानावर ती दुथडी नदीच्या काठावर रडत उभी आहे. पुढची दोन पानं जोडाच्या आत. चोविसाव्या पानावर ती पलीकडे, राजवाड्याच्या दारात.

पहिली पाळी भागीरथेची लागली. शनिवारी तिनं एकही अक्षर न चुकवता वाचून दाखवलं. नदीजवळ आली तेव्हा थांबली, "पुढची पानं बंद हायेत" असं सांगितलं आणि राजवाड्याच्या दारापासून पुन्हा वाचू लागली. माणसांनी माना हलवल्या. दोघंतिघं भिंतीला टेकून पेंगले. बंडूजी सुताराने जांभई देत विचारलं, की पोरगी नदी उतरली कशी? भागीरथेनं मान ताठ ठेवून सांगितलं, लिहिलेलं दिसत नाही ते आपण कसं सांगावं?

महिन्याभरानं पाळी गंगाकडे आली. आठ दिवस ते पुस्तक तिच्या घरात सुपाखाली झाकलेलं होतं, साप झाकून ठेवावा तसं. शनिवारी ती ओसरीवर आली, पुस्तक मांडीवर ठेवलं आणि उघडलंच नाही. बापासोबत इतर घरच्या पोरींकडून तीन-चार शनिवार जे ऐकलं होतं, तेच सांगू लागली. खालच्या आवाजात, जणू सगळं तिच्या शेजारच्या घरात घडलं होतं. नदीपाशी आली तेव्हा भागीरथा वाट पाहत होती, की आता ही अडखळते.

गंगा अडखळली नाही. ती म्हणाली, नावाड्याच्या पोरीनं डोळे पुसले. काठावर एका म्हातारीच्या छपरावर कडू तुंब्याचा, म्हणजे कडू भोपळ्याचा, वेल होता. पोरीनं सात वाळले तुंबे तोडले, आतलं कोरून काढलं, पळसाच्या मुळीची दोरी वळली आणि सातही तुंबे कमरेला बांधून पाण्यात उतरली. मध्यधारेत सुसर आली. तिला पाण्यावर आठ डोकी दिसली.

"सुसर म्हने, एवढ्या जनी कुठी चालल्या व?" गंगा सांगत होती. "पोरगी म्हने, आम्ही आठ बहिनी. दुपारचं जेवाले चाललो. तूच भेटली, आता पल्याड काऊन जाव?"

सुसर शेपूट वळवून पळाली आणि ओसरी हसण्यानं हलली. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. आणि सगळ्यांत मोठ्यानं हसत होता भागीरथेचा बाप सोनबा.

त्या दिवशी भागीरथेच्या काळजात जे शिरलं, ते पुढे निघालं नाही. सोनबानं ती सुसर बाजारात नेली. वांगी मोजता मोजता तो गिऱ्हाइकांना आठ बहिणी सांगायचा. घरी जेवताना एकदा सहज म्हणाला, "भागे, तू बी तशी सांगत जाय ना. जंगलूची पोट्टी काय सांगते!" भागीरथेनं ताटातला घास तसाच ठेवला. आपण जे उपाशीपोटी वाचलं, ते बापाच्या कानावरून गेलं. आणि जी कधी वाचत नाही तिचं त्यानं पदरात बांधून घेतलं. ती मळ्यात जाऊन बसली आणि खालच्या आवाजात तुंबे, दोरी, सुसर म्हणून पाहिलं. तेच शब्द तिच्या तोंडून वाळल्या शेंगांसारखे खुळखुळले.

मार्च महिन्यात बातमी आली. शाळा तपासायला वर्ध्याहून शोभाबाई येणार होत्या. चौथीच्या मुलींना अवांतर पुस्तकातलं विचारणार आणि एकीचं नाव वर्ध्याच्या मुलींच्या वसतिगृहासाठी लिहून नेणार. गावातली शाळा चौथीला संपत होती. पुढं शिकायचं तर हाच एक दरवाजा, आणि त्यातून एकच मुलगी जाणार. इतके दिवस भागीरथा तो दरवाजा आपलाच धरून चालली होती. आता गुरुजी कौतुकानं म्हणू लागले, की बाईंपुढे गंगाची सुसर झालीच पाहिजे.

तपासणीच्या आधीच्या आठवड्यात पुस्तक पुन्हा भागीरथेकडे होतं. भर दुपारी, आई नाल्यावर कपडे धूत असताना, ती पुस्तक घेऊन वांग्यांच्या वाफ्यात बसली. हातात सांबार कापायचा विळा. आपण काय करतोय ते तिला पक्कं ठाऊक होतं. गंगा खोटं सांगते, हे पुस्तकाच्याच तोंडून वदवून घ्यायचं होतं. तिनं विळ्याचं टोक जोडाच्या आत घातलं आणि श्वास रोखून वर ओढलं. कागद कर्र करत मोकळा झाला.

दोन पानं. ती तिनं तीनदा वाचली. नदीकाठी राजाचे शिपाई होडी घेऊन येतात. मुलीला होडीत बसवतात, पलीकडे नेतात. एवढंच. उरलेलं दीड पान मोठ्यांची आज्ञा कशी पाळावी यावर होतं.

ना तुंबे, ना सुसर. भागीरथेला आनंद झाला. तो आनंद तिच्या तोंडात कच्च्या वांग्यासारखा लागला, तरी तिनं तो गिळला.

शोभाबाई आल्या. चष्मा, पांढरं पातळ, हातात छत्री. ओसरी भरली. गुरुजींनी आधी गंगाला उभं केलं. गंगानं गोष्ट सांगितली आणि आठ बहिणींपाशी बाईही हसल्या. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "हे पुस्तकात असंच आहे का गं?"

गंगानं गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी घसा खाकरू लागले. तेवढ्यात भागीरथा उभी राहिली.

"नाई बाई. ती खोटं सांगून राह्यली. पुस्तकात शिपाई होडी घेऊन येते."

तिनं पुस्तक उघडून पान बावीस आणि तेवीस घडाघडा वाचलं. आज्ञा पाळण्याचं दीड पान संपेस्तोवर कोणी हललं नाही. गुरुजींचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांनी पुटपुटत विचारलं, की पान फाडलं कोणी? भागीरथा म्हणाली, मी कापलं. तिला वाटलं आता छडी, आता सगळं गेलं.

बाईंनी मात्र पुस्तक हातात घेऊन पानं चाळली. अजून तीन ठिकाणी पानं जोडलेली होती. "अहो गुरुजी," त्या म्हणाल्या, "छापखान्यातून पुस्तकं अशी येतात कधी कधी. पानं आपण कापून घ्यायची असतात. वर्षभर अख्ख्या गावात कोणाला सुचलं नाही?" मग त्यांनी भागीरथेच्या पाठीवर हात ठेवला. "हिला सुचलं."

वहीत नाव लिहिलं गेलं ते भागीरथेचं.

ओसरीवरून उतरताना माणसं बोलत होती. बंडूजी म्हणाला, पुस्तक लिहिणाराच चुकला, पोरगी नदीकाठी एकटी होती, शिपाई आले कुठून? सोनबानं मुलीला जवळ घेतलं, तिचं कौतुक केलं, आणि वाटेत विचारलं, "मंग सुसर नाईच काय त्याच्यात?" भागीरथा म्हणाली, नाही. गंगाच्या डोळ्यांत पाणी असेल म्हणून भागीरथेनं वळून पाहिलं. गंगा पोरींच्या घोळक्यात होती आणि त्या तिला सुसरीचं पुन्हा सांगायला लावत होत्या.

त्यानंतर गंगा शाळेच्या पायरीवर चढली नाही. बापासोबत जंगलात जाऊ लागली, पुढे लग्न होऊन त्याच गावात राहिली, एक मुलगी झाली. भागीरथा वर्ध्याला सात वर्षं राहिली. वसतिगृहातलं कपाट तिनं वाचून संपवलं. तिथंही वाचनात पहिली तीच. पण सुटीत घरी आली की बाप तिला पुस्तकातलं काही विचारत नसे.

एकसष्टच्या उन्हाळ्यात विडीसाठी तेंदूच्या पानांची तोडणी चालू होती. भागीरथा मॅट्रिकची परीक्षा देऊन आली होती. सकाळी आईसोबत टेकडीवर गेली आणि मोहाच्या एका झाडाखाली पुस्तक घेऊन बसली. पलीकडच्या सावलीत बाया पानांचे पुडे बांधत होत्या, त्यांच्या मधोमध गंगा, मांडीवर निजलेली पोर. ती सांगत होती. भागीरथेनं पान उलटलं नाही. नावाड्याची पोरगी आता राजवाड्यातून निघाली होती, डोंगर चढत होती, तिच्या पाठीवर मूल होतं. यातलं काहीच पुस्तकात नव्हतं.

पुडे बांधून झाले. बाया उठल्या. भागीरथा पुस्तक मिटून गंगाजवळ गेली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"गंगे, तिले बाप भेटते काय मंग?"

गंगानं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही, ओळख लागायला वेळ लागावा तसं. "पुस्तक तं तू वाचलं ना, भागे. त्याच्यात काय लिवलं हाय?"

"भेटते. राजाच्या कचेरीत नोकर असते."

"बरं झालं," गंगा म्हणाली. "माह्यावाल्या पोरीले अजून नाई भेटला."

भागीरथेला म्हणायचं होतं, की मग पुढचं मला सांग. म्हणायचं होतं, की त्या दिवशी मी उभी राहिले नसते तर. गंगानं पोरीला फडक्यानं पाठीशी बांधलं, पुड्यांचं ओझं डोक्यावर घेतलं आणि उताराला लागली. बाया तिच्या मागं निघाल्या, एकीनं पुढं काय झालं म्हणून विचारलं आणि गंगाचा खालचा आवाज पुन्हा सुरू झाला. पळसाच्या आड पाठी एकेक करून दिसेनाशा झाल्या. मोहाखाली उभी राहून भागीरथा पाहत होती, शब्द ऐकू येत नव्हते तरी मान पुढं काढून.